व्हेनिसच्या दरबारात तुकोबा

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आमच्या गावच्या उरसात पीर मुसलमानांचा असायचा, गलेफ पाटलांच्या वाड्यातून यायचा आणि कुस्त्यांचं मैदान सगळ्या पंचक्रोशीचं. कोल्हापूरच्या बाजूला ही तऱ्हा नवी नाही. त्या उरसात दरवर्षी सिनेमाचा एक तंबू लागायचा. बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला, मध्ये दोरी. रीळ संपलं की अंधार, शिट्ट्या आणि शेंगांच्या टरफलांचा आवाज. १९७८च्या आसपास, मी सात-आठ वर्षांचा असेन, त्या तंबूत मी 'संत तुकाराम' पाहिला. आजारी पोराला घेऊन, हातात पायताण घेऊन विठोबाला जाब विचारायला निघालेली जिजाई पाहून आमच्या दादीनं पदर डोळ्याला लावलेला मला अजून आठवतो. शिवाजीमहाराजांना पकडायला शत्रूचे सैनिक येतात आणि त्यांना जिकडेतिकडे शिवाजीच दिसतात, त्या प्रसंगाला सगळ्यात जोरात टाळी पडली ती माझ्या अब्बांची.

अब्बा पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, बैलगाड्यांची चाकं, निवडणुकीच्या भिंती, सगळं रंगवायचे. घरात आमची दखनी, बाहेर मराठी. तंबूतून परत येताना ते शेजारच्या दत्तूकाकांना म्हणाले, "ह्यो पिक्चर कुणी काढलाय ठावं हाय का? आपल्या कागलच्या शेख फत्तेलालनं. साऱ्या जगात तिसरा नंबर आलाय त्येचा." दत्तूकाका म्हणाले, "कागलचा मुसलमान?" अब्बा म्हणाले, "आन् पेंटर!" त्यांना धर्मापेक्षा धंद्याचा अभिमान जास्त होता, असं मला आता वाटतं.

तो तिसरा नंबर मी पुढं कितीतरी वर्षं सांभाळला. बी.ए.ला असताना एका निबंधात मी लिहिलं होतं, की १९३७ साली इटलीतल्या व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात 'संत तुकाराम' जगातल्या तीन सर्वोत्तम चित्रपटांपैकी एक ठरला. हे वाक्य तुम्हीही कुठंतरी वाचलेलं असणार. पुस्तकापुस्तकांतून ते इतकं फिरलं आहे, की आता कोणी त्याला हात लावत नाही. आज मी हात लावणार आहे. अब्बांच्या अभिमानाला धक्का लागेल अशी भीती मलाही होती. पण खरी हकिगत त्या नंबरापेक्षा मोठी आहे.

आधी व्हेनिसचा महोत्सव हा काय प्रकार होता ते पाहू. ६ ऑगस्ट १९३२च्या रात्री व्हेनिसजवळच्या लिडो बेटावर, एक्सेल्सिअर हॉटेलच्या गच्चीवर पडदा लावून तो सुरू झाला. पहिला चित्रपट 'डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड'. चित्रपटांचा असा महोत्सव त्याआधी जगात रुजलेला नव्हता. कल्पनेमागे तिघंजण होते, पण त्यातला खरा वजनदार माणूस म्हणजे काउंट ज्युझेप्पे व्होल्पी. वीज कंपन्यांचा मालक, लिबियातल्या त्रिपोलितानिया वसाहतीचा माजी गव्हर्नर, मुसोलिनीच्या मंत्रिमंडळातला माजी अर्थमंत्री आणि व्हेनिसच्या सुप्रसिद्ध कलाप्रदर्शनाचा, म्हणजे बिएनालेचा, अध्यक्ष. शिवाय लिडोवरची मोठी हॉटेलं ज्या कंपनीची, तीही त्याचीच. ऑगस्ट संपला की पाहुणे पांगायचे. तो हंगाम लांबवायला काहीतरी हवं होतं. कलेच्या इतिहासात हॉटेलांच्या रिकाम्या खोल्यांचा वाटा किती, याचा कोणीतरी अभ्यास करायला हवा.

पहिल्या वर्षी परीक्षक मंडळच नव्हतं. प्रेक्षकांना चिठ्ठ्या दिल्या आणि कौल घेतला. गंमत अशी, की फॅसिस्ट इटलीतल्या त्या प्रेक्षकांनी सर्वोत्तम दिग्दर्शक म्हणून निवडला तो सोव्हिएत रशियाचा निकोलाय एक्क. सर्वांत रंजक चित्रपट ठरला फ्रान्सच्या रेने क्लेरचा. रेने क्लेर हे नाव लक्षात ठेवा, ते पुढं पुन्हा येणार आहे. कदाचित असल्या कौलांमुळेच असेल, पण प्रेक्षकांचा हा अधिकार फार दिवस राहिला नाही. १९३४ साली अधिकृत बक्षिसं आली. सर्वोत्तम परदेशी आणि सर्वोत्तम इटालियन चित्रपटाला मुसोलिनी चषक. पुढच्या वर्षापासून महोत्सव दरसाल भरू लागला आणि १९३६ला आंतरराष्ट्रीय परीक्षक मंडळ नेमलं गेलं. आंतरराष्ट्रीय म्हणजे काय, तर प्रत्येक मोठ्या देशाचा एकेक माणूस. कुठले चित्रपट धाडायचे ते त्या त्या देशानं ठरवायचं आणि परीक्षकही देशाच्या नावानं बसायचा. म्हणजे खुर्च्यांवर माणसं बसलेली दिसत, पण निवाडा करत ती सरकारं. सर्वांच्या वर अध्यक्ष म्हणून व्होल्पी.

आता १९३७. पाचवं वर्ष. लिडोवर त्या वर्षी खास चित्रपटांसाठी बांधलेला नवा कोरा प्रासाद उघडला. आपले तुकोबा त्या दरबारात गेले. तिथं बक्षिसं कोणाला मिळाली ते जरा सावकाश ऐका.

सर्वोत्तम इटालियन चित्रपट: 'शिपिओने लाफ्रिकानो'. रोमन सेनापती शिपिओ आफ्रिकेत जाऊन हॅनिबलला हरवतो, त्याची कथा. इटलीनं नुकतीच अ‍ॅबिसिनिया, म्हणजे आजची इथिओपिया, गिळली होती. त्या आक्रमणाला जुन्या इतिहासाचा शालू नेसवायला सरकारनं पैसा ओतून हा चित्रपट काढवला होता. तो जिंकणार हे ठरलेलंच. सर्वोत्तम नट: जर्मनीचा एमिल यानिंग्स. चित्रपटात तो एका पोलादी कारखान्याचा मालक, जो सगळं आपल्या एकट्याच्या मुठीत ठेवतो आणि अखेर ते राष्ट्राला अर्पण करतो. जर्मनीत तेव्हा असा मालक कोण होता ते सांगायला नको. सर्वोत्तम नटी: अमेरिकेची बेटी डेव्हिस. सर्वोत्तम परदेशी चित्रपट: फ्रान्सच्या ज्युलियां द्युविव्हिएचा, एका विधवेच्या जुन्या नृत्यवहीतल्या नावांची गोष्ट सांगणारा. चांगलाच चित्रपट आहे तो. कोणाला खुपेल असं त्यात काही नाही, हीच त्याची सोय होती.

कारण त्याच वर्षी फ्रान्सकडून आणखी एक चित्रपट आला होता. ज्याँ रेन्वारचा 'ला ग्रांद इल्युझियाँ', म्हणजे महाभ्रम. पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत पडलेले फ्रेंच सैनिक, त्यांत एक सरदार, एक मेकॅनिक, एक श्रीमंत ज्यू. त्यांचा जर्मन तुरुंगाधिकारीही सरदारच. देशांच्या सीमा माणसांनी आखलेल्या आहेत, निसर्गाला त्या ठाऊक नाहीत, एवढंच तो चित्रपट शांतपणे दाखवतो. तो पाहिलेल्या परीक्षकांना कळलं होतं, की त्या वर्षीचा खरा चित्रपट हाच. पण मुसोलिनीच्या नावाचा चषक युद्धाविरुद्धच्या चित्रपटाला द्यायचा कसा? मग त्यांनी एक पळवाट काढली. सर्वोत्तम कलात्मक मेळासाठी म्हणून एक बक्षीस तयार केलं आणि ते रेन्वारच्या चित्रपटाला दिलं. पुढं इटलीत आणि जर्मनीत त्या चित्रपटावर बंदी आली.

इथं मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर परक्या परीक्षकांना नावं ठेवणं सोपं होईल. बऱ्याच वर्षांपूर्वी एका काव्यस्पर्धेला आम्ही तिघं परीक्षक होतो. संस्थेचं आणि गावाचं नाव राहू द्या. निकालाच्या आदल्या संध्याकाळी चहा आला आणि चहाबरोबर एक गृहस्थ आले. बक्षिसाची रक्कम कोणी दिली आहे, त्यांचा भाचाही कविता करतो, असं हसतहसत बोलून गेले. आम्ही तिघं रात्री उशिरापर्यंत बसलो. एका हमालाच्या पोराची कविता सगळ्यांत चांगली होती, याबद्दल तिघांचं एकमत होतं. सकाळी निकाल वाचला. पहिलं बक्षीस भाच्याला आणि हमालाच्या पोराला 'परीक्षकांचं खास उत्तेजनार्थ'. असलं बक्षीस आदल्या दिवसापर्यंत अस्तित्वात नव्हतं. तेव्हा आम्हाला वाटलं, आपण केवढी हुशारी केली! त्या पोरानं स्टेजवर येऊन प्रमाणपत्र घेतलं, आमच्या पाया पडला. मी पाय मागं घेतले. ते कशासाठी घेतले, हे त्याला कळलं नसणार.

म्हणून रेन्वारच्या त्या बक्षिसाकडं पाहताना मला परीक्षकांची लाज आणि हिंमत दोन्ही एकदम दिसतात. पोटात एक आणि ओठावर एक असताना माणूस जे करतो, ते त्यांनी केलं.

आणि आपला 'संत तुकाराम'? त्याला मिळाला खास उल्लेख. त्याच्या जोडीला हंगेरीच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या एकेका चित्रपटाचं नाव घेतलं जातं. बहुधा या त्रिकुटातूनच आपल्याकडं 'जगातले तीन सर्वोत्तम' तयार झाले. पहिला, दुसरा, तिसरा असा क्रम तिथं नव्हताच. मोठा चषक द्युविव्हिएचा, आपला उल्लेख खासमधला. व्हेनिसला गेलेला पहिला भारतीय चित्रपट हाच, असंही सांगतात. तेही खरं नाही. १९३४ साली कलकत्त्याहून देबकी बोस यांचा 'सीता' तिथं गेला होता.

पण त्या यादीतलं आणखी एक नाव मला फार बोचलं. त्या वर्षी दिग्दर्शनाचं बक्षीस मिळालं ते 'एलिफंट बॉय'ला, रॉबर्ट फ्लॅहर्टी आणि झोल्टान कोर्डा यांना. किपलिंगच्या गोष्टीवरचा इंग्रजी चित्रपट. त्याचं बाहेरचं चित्रण म्हैसूर संस्थानात झालेलं आणि त्यात काम करणारा पोरगा साबू, म्हैसूरच्या महाराजांच्या पदरी असलेल्या मुसलमान माहुताचा मुलगा. म्हणजे त्या एकाच ऑगस्टमध्ये व्हेनिसच्या पडद्यावर दोन हिंदुस्थान होते. एक साहेबाच्या डोळ्यांनी पाहिलेला: हत्ती, जंगल, अर्धनग्न गोड पोरगा. दुसरा देहूचा: कर्जबाजारी वाणी, त्याची तोंडाळ पण उपाशीपोटी संसार ओढणारी बायको, गोठ्यातली म्हैस आणि नदीत बुडणाऱ्या वह्या. बक्षीस पहिल्याला मिळालं. उल्लेख दुसऱ्याचा झाला.

तरीही मी म्हणतो, त्या उल्लेखाची किंमत कमी नाही. असा विचार करा. त्या मंडळात प्रत्येक देशाचं कोणीतरी भांडत होतं. फ्रान्सला एक दिलं तर जर्मनीला एक द्या, इंग्लंडला नाराज करू नका, अमेरिकेचे चित्रपट येणं थांबता कामा नये. त्या बाजारात आपली पत काय होती? आपला देश गुलाम. आपला वकील नाही, व्यापार नाही, धमकी नाही. मराठी कळणारा तिथं कोण बसला असणार? 'संत तुकाराम'चं नाव घेऊन कोणाचंच कसलं राजकारण साधत नव्हतं. म्हणजे ज्यांनी ते घेतलं, त्यांनी पडद्यावर जे दिसलं त्यासाठीच घेतलं. त्या वर्षीच्या किती बक्षिसांबद्दल असं म्हणता येईल?

पडद्यावर काय दिसत होतं? दामले आणि फत्तेलाल ही जोडी तोपर्यंत वीसेक वर्षं एकत्र होती. पेणचे विष्णुपंत दामले आणि कागलचे शेख फत्तेलाल, दोघंही कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिकले. १ जून १९२९ला शांतारामबापू, धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांच्याबरोबर त्यांनी 'प्रभात' काढली. १९३३ला कंपनी पुण्यात आली. कंपनीत दामले ते दामलेमामा आणि फत्तेलाल ते साहेबमामा. दामल्यांकडं यंत्र आणि ध्वनी, फत्तेलालांकडं चित्र. पुण्यातल्या माळरानावर त्यांनी देहू उभं केलं. शिवराम वाशीकरांची कथा-पटकथा, केशवराव भोळ्यांचं संगीत. शांताराम आठवल्यांनी त्यात एक अभंग असा लिहिला, की लोक तो गाथेत शोधत बसले. तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस नाटकात स्त्रीभूमिका करून आलेले, आणि जिजाई झालेली गौरी तर कंपनीत हलकीसलकी कामं करणारी बाई. १२ डिसेंबर १९३६ला मुंबईच्या सेंट्रल सिनेमात चित्रपट लागला आणि ५७ आठवडे चालला. लोक पडद्यापुढं हात जोडायचे म्हणतात.

आणि त्यात एक प्रसंग आहे. शिवाजीमहाराज तुकोबांना नजराणा पाठवतात. दागिने, वस्त्रं, मोहरा. घरात आनंदीआनंद. पोरं नटतात, जिजाईच्या जन्मात पहिल्यांदा चार चांगल्या वस्तू तिच्या अंगाला लागतात. तुकोबा घरी येतात, पाहतात आणि सगळं परत पाठवतात. राजा चांगला आहे, देणं मनापासूनचं आहे, तरी परत. आता विचार करा, हा प्रसंग लिडोवरच्या त्या नव्या प्रासादात, मुसोलिनीच्या नावाच्या चषकासाठी जमलेल्या मंडळींपुढं चालला असेल. समोर काउंट व्होल्पी. मला हसू येतं आणि अंगावर काटाही येतो.

व्होल्पींच्या दरबाराचं पुढं काय झालं तेही सांगून टाकतो. १९३८ला मुसोलिनी चषक दोघांत वाटला गेला. एक 'ऑलिम्पिया', बर्लिनच्या ऑलिम्पिकवरचा लेनी रिफेनश्टालचा चित्रपट. दुसरा 'लुचानो सेरा, पिलोता', वैमानिकाची कथा, जिच्या निर्मितीवर देखरेख खुद्द मुसोलिनीच्या मुलाची, व्हित्तोरिओची. अमेरिकन आणि ब्रिटिश परीक्षक उठून गेले. फ्रेंच प्रतिनिधी फिलिप एरलांजे रात्रीच्या गाडीनं पॅरिसला परत निघाला. त्याला झोप आली नाही, आणि त्या गाडीतच त्याच्या डोक्यात आलं, की आपणच एक मोकळा महोत्सव का भरवू नये? शिक्षणमंत्री ज्याँ झे यांनी ती कल्पना उचलली. जागा ठरली समुद्रकाठचं कान. तारीख ठरली १ सप्टेंबर १९३९. आदल्या दिवशी 'हंचबॅक ऑफ नोत्र दाम' दाखवून झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे हिटलरचं सैन्य पोलंडमध्ये घुसलं आणि महोत्सव भरण्याआधीच मोडला. ज्या मंत्र्यानं तो उभा केला, त्या ज्याँ झे यांना १९४४च्या जूनमध्ये नाझींच्या फ्रेंच हस्तकांनी गोळ्या घातल्या. ते आपला महोत्सव पाहू शकले नाहीत.

अखेर सप्टेंबर १९४६ला कानचा पहिला महोत्सव भरला. युद्धातून उठलेलं जग. कोणाला दुखवायचं नाही असं सगळ्यांनीच ठरवलेलं दिसतं, कारण सर्वोच्च बक्षीस एकदम अकरा चित्रपटांना दिलं गेलं. लग्नात सगळ्या पाहुण्यांना टोपी-टॉवेल द्यावा तसं. त्या अकरांत एक चेतन आनंद यांचा 'नीचा नगर'. हयातुल्ला अन्सारींची कथा, ख्वाजा अहमद अब्बास यांचं लेखन, रविशंकरांचं संगीत. वरच्या वस्तीतला श्रीमंत आपल्या वस्तीची घाण खालच्या वस्तीत सोडतो, त्याची गोष्ट. अकरांतला एक म्हणून त्याला कोणी कमी लेखू नये. त्याच यादीत 'रोम, ओपन सिटी'ही आहे. पण आपण बक्षीस सांगतो आणि अकरा सांगत नाही. तुकोबांच्या बाबतीत केलं तेच.

व्हेनिसनंही युद्धानंतर घर झाडून घेतलं. १९४० ते १९४२ची तिन्ही वर्षं जणू भरलीच नाहीत असं ठरवून मोजणीतून काढून टाकली. मुसोलिनी चषक गेला, सुवर्ण सिंह आला. पुढं १९६९ ते १९७९ या काळात तर बक्षिसांची स्पर्धाच बंद होती. १९५७ला परीक्षक मंडळाचे अध्यक्ष होते रेने क्लेर. होय, तेच, २५ वर्षांपूर्वी प्रेक्षकांच्या चिठ्ठ्यांवर निवडून आलेले. त्यांच्यासमोर कुरोसावाचा चित्रपट होता, घरच्या व्हिस्कोंतीचा होता. त्यांनी सुवर्ण सिंह दिला सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'ला. मायदेशात जो चित्रपट फारसा चालला नव्हता, त्याला.

मात्र झाडताना एक नाव कोपऱ्यात राहिलं. नटनट्यांना दिलं जाणारं व्हेनिसचं बक्षीस आजही व्होल्पी चषकच आहे. १९८४ साली 'पार' चित्रपटासाठी आपल्या नसीरुद्दीन शाह यांना मिळाला तो हाच. उपाशी माणसाची भूमिका करून, डुकरांचा कळप नदीपार नेणाऱ्या भूमिहीन मजुराची भूमिका करून, मुसोलिनीच्या अर्थमंत्र्याच्या नावाचा चषक. यात नसीरुद्दीनचा काही दोष नाही. बक्षिसाचं नाव घेणाऱ्यानं ठरवायचं नसतं.

हे सगळं ऐकून इटलीच्या हुकूमशाहीला हसावंसं वाटेल. पण आपल्या अंगणात पाहू. आपला आंतरराष्ट्रीय महोत्सव १९५२ला मुंबईत सुरू झाला, तेव्हा तो स्पर्धेचा नव्हता. त्यात आलेले इटालियन चित्रपट पाहून आपल्याकडच्या कितीजणांची नजर बदलली. पुढं स्पर्धा आली, सुवर्ण मयूर आला, २००४पासून तो गोव्यात स्थिरावला. २०१७ला त्याच्या भारतीय विभागासाठी परीक्षकांनी निवडलेल्या यादीतून दोन चित्रपट मंत्रालयानं वगळले. एक मल्याळी आणि एक मराठी, रवी जाधव यांचा 'न्यूड'. चित्रकारांसमोर बसून पोट भरणाऱ्या बाईची गोष्ट. तो पूर्ण नाही, असं कारण दिलं गेलं. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. निवड करणारे वेगळे आणि बक्षीस देणारे वेगळे, ही महोत्सवांची रचना लोकांना फारशी माहीत नसते. कानमध्ये १९७२पर्यंत कुठला चित्रपट धाडायचा ते देशच ठरवत होते, त्यानंतर महोत्सव स्वतः निवडू लागला. ही एक साधी कारकुनी दुरुस्ती वाटते. पण कोणाचं बक्षीस हा प्रश्न नंतरचा. दारातून आत कोणाला सोडायचं, हे जो ठरवतो तोच खरा परीक्षक. सुजॉय घोष यांनी राजीनामा दिल्याचं वाचलं तेव्हा मला त्या चहाची आठवण झाली. आम्हीही उठून जाऊ शकलो असतो.

व्हेनिसनं 'संत तुकाराम'ला दिलेल्या प्रशस्तिपत्राचीही एक कथा आहे. ते पुण्यातून कितीतरी वर्षं गहाळ होतं. २००४ साली सापडलं आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडं आलं. रेन्वारच्या त्या चित्रपटाची मूळ प्रतही अशीच जर्मनांनी पळवलेली, बर्लिन, मॉस्को अशी भटकून अखेर फ्रान्समध्येच एका संग्रहात मिळाली. दोघांचं नशीब सारखं.

२०१४ला मराठी चित्रपट पुन्हा व्हेनिसला गेला. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट'. तिथल्या ओरिझोंती नावाच्या विभागात तो सर्वोत्तम ठरला आणि पहिल्या चित्रपटासाठीचा 'भविष्याचा सिंह'ही त्यालाच मिळाला. २०२०ला त्यांचाच 'द डिसायपल' मुख्य स्पर्धेत होता, पटकथेचं बक्षीस घेऊन आला. पण माझा जीव 'कोर्ट'मध्ये अडकलेला आहे. त्यात वीरा साथीदार यांनी केलेला म्हातारा लोकशाहीर नारायण कांबळे आहे. त्याच्या गाण्यामुळं गटारात उतरणाऱ्या एका कामगारानं जीव दिला, असा आरोप त्याच्यावर ठेवलेला आहे. १९३७ आणि २०१४. दोन्ही वेळा व्हेनिसच्या पडद्यावर मराठीतून गेलेला माणूस कवीच, आणि दोन्ही वेळा त्याच्या शब्दांवरच खटला. एकाच्या वह्या इंद्रायणीत, दुसऱ्याच्या ओळी सरकारी वकिलाच्या हातात.

२०१५च्या उन्हाळ्यात मी 'कोर्ट' पाहिला. थेटरात पंधरा-वीस माणसं असतील. घरी आलो तेव्हा अब्बा अंगणात खाटेवर बसले होते. हात थरथरतो म्हणून पाट्या रंगवणं तोपर्यंत बंद झालेलं. मी त्यांना सांगितलं, आपला एक मराठी सिनेमा पुन्हा त्या इटलीला जाऊन आला.

"नंबर कितवा आला?" त्यांनी विचारलं.

"पहिला," मी म्हणालो. आणि मग, खोटं नको म्हणून, "त्या विभागात."

त्यांनी मान हलवली. मी त्यांना शाहिराची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली आणि विचारलं, "मग सुटला का त्यो?"

"जामीन मिळाला. मग परत धरला."

"आन् निकाल?"

"निकाल नाही लागला अब्बा. कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागली."